गुंजीच्या घराचे दुसरे दार

मी एक जुने घर आहे; परंतु माझ्यात माणूस कधीच राहिला नाही. सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या कडेला एका लहानशा बंगल्याचे अंगण आहे. त्या अंगणात, कडुनिंबाखाली मी उभे आहे. माझी उंची शाळेतल्या बाकाएवढी. मित्रांनो, तुम्ही फाटकातून आत आलात, तर प्रथम तुमची दृष्टी माझ्या दाराच्या चौकटीवर पडेल. तिच्यावर दातांच्या खोल खुणा आहेत. माझ्या छपराच्या कडीशेजारी मुसळाच्या घावाने पडलेली एक खोक आहे. आणि आत, तळाच्या फळीवर, एक काळपट डाग आहे. तो पुष्कळ घासला, तरी निघाला नाही. या खुणा माझ्या अंगावर कशा उमटल्या, तेच आज तुम्हांला सांगावयाचे आहे.

माझा जन्मच मुळी घावांतून झाला. दांडेलीच्या अरण्यात मी साग होऊन उभे असताना कुऱ्हाडीने माझा बुंधा तोडला, करवतीने मला उभे चिरले आणि रंध्याने माझी त्वचा सोलून काढली. त्यानंतर सोलापूरच्या पूर्वभागात एका तेलुगू विणकराच्या घरी मी हातमाग झाले. तेथे पहाटेपासून फणीचे ठोके माझ्या खांबांवर पडत. प्रत्येक ठोका माझ्या अंतःकरणापर्यंत जाई. परंतु त्या ठोक्यागणिक एक धागा दुसऱ्या धाग्याला बिलगे आणि चादर पुढे सरके. काही आघात घडवणारे असतात, हे मी त्या घरी शिकले.

मोडणारे आघात त्याच घरी मला भेटले. विणकर वारला. ज्या खोलीत मी उभे होते, ती रिकामी करावयाची होती. कोणीतरी घण आणला. सांधे सोडवण्यास वेळ लागला असता, म्हणून त्यांनी ते फोडले. माझा एक खांब मधोमध तडकला, तेव्हा विणकराची वृद्ध पत्नी पदराने तोंड झाकून भिंतीकडे वळली. मी मंगळवार बाजारातील भंगाराच्या ढिगात येऊन पडले. तेथून पुढचा मार्ग चुलीकडेच जाणार होता. त्या ढिगातून मला उचलले ते अण्णारावांनी.

अण्णाराव शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. घरात त्यांचा मुलगा व सून होती. ती दोघे नोकरीसाठी दिवसभर बाहेर असत. नववीत शिकणारी नात आरोही होती. आणि अण्णारावांची थोरली बहीण रंभाबाई होती. तिला सर्व जण आक्का म्हणत. आक्काचे सासर दुधनीचे. तिथल्या शिवालयाच्या पूजेचा मान त्या घराकडे होता. पतीच्या पश्चात ती भावाकडे आली, ती आपले देव आणि आपले सोवळे घेऊनच. स्नान करून, कोणाचा स्पर्श न झालेले वस्त्र नेसून ती पूजेला बसली, म्हणजे घरातील मुंगीदेखील वाट सोडत असावी, असा तिचा दरारा होता.

या घरात गुंजी कशी आली, ते ऐका. शाळेतून परतताना आरोहीला नाल्याच्या काठी काही मुले दिसली. चिखलात एक गोणी हलत होती. ती हलली की मुले तिच्यावर दगड मारीत आणि हसत. आरोही मध्ये पडली. एक दगड तिच्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यांत उतरत असतानाच तिने गोणीचे तोंड सोडले. आत तांबूस रंगाचे, काळ्या तोंडाचे, मुठीएवढे कुत्रीचे पिल्लू होते. गुंजेच्या बीसारखा तो रंग पाहून अण्णारावांनी तिचे नाव गुंजी ठेवले. ती पुढे वाढली, परंतु जात्याच लहान चणीची. मांजराहून थोडी मोठी, एवढेच.

आक्काने जखम धुतली, हळद भरली आणि मग आपला निर्णय सांगितला.

“कुत्रं पाळा न्हायतर वाघ पाळा, मी कोन सांगनार. पर उंबऱ्याच्या आत न्हाय म्हंजे न्हाय. हितं देव बसल्यात.”

अण्णारावांनी बहिणीचे वचन कधी मोडले नव्हते. गुंजी अंगणात राहू लागली. चैत्र उलटला. सोलापूरचे ऊन तुम्हांला ठाऊक आहे. फरशी तव्यासारखी तापे आणि गुंजी एक पाय उचलून दुसरा टेकवी. एके दिवशी ती सावलीसाठी मोटारीखाली शिरली आणि चाक फिरले. शेपटीचे टोक गेले. जीव थोडक्यात वाचला. त्या संध्याकाळी आरोही जेवली नाही. दुसऱ्या सकाळी अण्णाराव मला त्या भंगारातून उचलून, हातगाडीवर घालून मल्लप्पा सुताराकडे घेऊन गेले.

मल्लप्पाने मला पाहिले, नखाने टोकरले आणि म्हणाला, “गुरुजी, हे लाकूड मार खाल्लेलं हाय. टिकंल.”

पुन्हा करवत आली, पटाशी आली, हातोडा आला. खिळे माझ्या अंगात शिरले तेव्हा वेदना झाल्या, हे मी नाकारत नाही. परंतु फणीच्या ठोक्यांची आठवण मला त्या वेळी झाली. मल्लप्पाचे काम निगुतीचे होते. खालून ओल येऊ नये म्हणून त्याने मला शहाबादी फरशीच्या तुकड्यांवर उचलून बसवले. भिंती दुहेरी केल्या आणि दोन फळ्यांच्या मध्ये गोणपाट व वाळलेला भुसा दाबून भरला, म्हणजे ना ऊन आत येईल ना थंडी. सांध्यांत डांबर ओतले. छपराला मागे उतार दिला, वर पत्रा ठोकला आणि पत्र्याला चुन्याचा जाड लेप दिला. ते छप्पर त्याने बिजागरीवर बसवले. समोर कडी काढली की पेटीच्या झाकणासारखे ते वर उचलावे आणि आतून झाडून घ्यावे, अशी योजना होती. ही योजना लक्षात ठेवा.

राहिले दार. आणि दाराशीच सर्वांची चूक झाली.

जुन्या रीतीत घराच्या व दाराच्या मापाची आय पाहतात. लांबीरुंदीचा गुणाकार करावा, त्यास आठाने भागावे आणि जी बाकी उरेल तिच्यावरून शुभाशुभ ठरवावे. त्या प्रत्येक बाकीला निरनिराळे नाव आहे. मल्लप्पाच्या वडिलांनी आय पाहिल्यावाचून कधी चौकट उभी केली नव्हती. त्यानेही केली नाही. गुंजीला उभे करून त्याने माप घेतले, खडूने फळीवर आकडे मांडले आणि मान हलवली. बाकी चार उरत होती. तिला श्वानाय म्हणतात आणि तिचे फळ कलह सांगितले आहे.

आरोही म्हणाली, हे कुत्र्याचेच तर घर आहे, मग त्यात काय बिघडले. दोघे वृद्ध हसले. पण आकडे पुसले गेले ते गेलेच. अण्णारावांनी समजावले की वास्तू लहान असो वा मोठी, तिच्यात जीव राहावयाचा आहे. अशुभ माप जाणूनबुजून कसे द्यावे. आक्का तेवढ्यात ताकाचे पेले घेऊन बाहेर आली होती. तिनेही आपला कौल दिला. “शास्त्राला सोडून बांधू नगा. दार मोटं करा की. कुत्रं झालं म्हून काय बोळकांडीत राहतंय व्हय?”

मग मल्लप्पाने माप वाढवत नेले. पहिली बाकी धूम्राची आली, दुसरी ध्वांक्षाची, म्हणजे कावळ्याची; दोन्ही निषिद्ध. अखेर ध्वजाय साधली. ती सर्वांत शुभ. त्या मापाने कापलेले माझे पहिले दार समोर मधोमध होते, उंच होते, रुंद होते. गुंजी त्यात उभी राहिली, की तिच्या डोक्यावर आणखी एक गुंजी मावली असती. सर्वांना ते फार शोभिवंत वाटले. आक्काने स्वतः, पण अंग दूर राखून, त्यावर कुंकवाचे बोट ओढले.

माझे कौतुक झाले. शेजारीपाजारी पाहण्यास आले, मोबाईलवर छायाचित्रे काढून गेले. आत जुनी सोलापुरी चादर अंथरली होती. कोणी सांगावे, ती कदाचित माझ्याच मागावर विणलेली असेल. भर दुपारी अंगण जळत असताना गुंजी माझ्या गारव्यात पोट टेकवून झोपे, आणि तिच्या श्वासाबरोबर माझी तळफळी हळूच वर-खाली होते आहे, असे मला वाटे. मागाचे दिवस संपल्यानंतर मला प्रथमच कोणाच्या तरी उपयोगी पडल्यासारखे वाटले.

वैशाखातला प्रदोष होता. त्या तिथीला आक्का दिवसभर उपास करी आणि दिवेलागणीच्या वेळी शिवाची पूजा करी. अण्णाराव औषध आणावयास गेले होते, आरोही शिकवणीला होती. आक्का स्नान करून सोवळ्यात बेलाची पाने निवडत बसली होती. त्याच वेळी पूर्वेचे आभाळ तांबडे-काळे झाले. धुळीची भिंत रस्त्यावरून धावत आली. कडुनिंबाची एक फांदी कडकडून मोडली आणि माझ्या छपरावर आदळली. शेजारच्या गच्चीवरचा पत्रा उडाला आणि फाटकावर आपटला, तसे फाटकाचे गज वाकले. फाटकाची कडी निखळली. मग गारा आल्या. मित्रांनो, लिंबाएवढ्या गारा मी पूर्वी कधी सोसल्या नव्हत्या. प्रत्येक गार घणासारखी पडत होती. माझ्या पत्र्याला खड्डे पडले, पण सांधे हलले नाहीत. मल्लप्पाचे काम पक्के होते. गुंजी मागच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली. वारा मात्र त्या शुभ दारातून सरळ आत शिरत होता आणि गारा उसळी घेऊन तिच्या पायांपर्यंत येत होत्या.

रस्त्याच्या पलीकडे मोकळ्या जागेत भटक्या कुत्र्यांची एक टोळी राहत असे. गारांनी त्यांची डोकी फुटत होती. ती किंचाळत उघड्या फाटकातून अंगणात घुसली. आसरा असा एकच दिसला, तो म्हणजे मी. आणि माझे दार त्यांना पुरेल असेच होते. पुढे होता तो पिवळा, रुंद जबड्याचा कुत्रा. त्याच्या कपाळातून रक्त गळत होते. तो आत शिरला. आत आधीच कोणी तरी आहे, हे त्याला कळले, आणि त्याने गुंजीचा पाय जबड्यात धरला.

त्यानंतर जे घडले ते माझ्या पोटात घडले. दुसरा कुत्रा आला, तिसरा दारात अडकून धडपडू लागला. ते एकमेकांनाही चावत होते. दात, नखे, फेस, रक्त. चादर फाटली. गुंजीचे हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. फांदी मोडल्याच्या आवाजाहून तो लहान होता. माझ्या दुहेरी भिंती ऊन अडवण्यासाठी होत्या, थंडी अडवण्यासाठी होत्या. त्या भिंतींनी आता गुंजीला पळण्याची वाट ठेवली नव्हती. जिच्यासाठी मला बांधले, तिचाच पिंजरा मी झाले होते. मी लाकूड होते. मला दार मिटता येत नव्हते.

तेव्हा आक्का बाहेर आली.

एका हातात मुसळ, डोक्यावर काही नाही. गारा तिच्या पांढऱ्या केसांवर, खांद्यांवर फुटत होत्या. दाराकडून आत हात घालणे शक्य नव्हते. तिसऱ्या कुत्र्याच्या पाठीवर तिने पहिला घाव घातला. तो केकाटत दूर झाला. मग ती माझ्या छपराकडे वळली. तुटलेल्या फांदीच्या भाराने कडी जाम बसली होती. आक्काने दोन्ही हातांनी मुसळ उचलले आणि कडीवर हाणले. एक घाव चुकून माझ्या फळीत रुतला. तीच ही खोक. पुढच्या घावाने कडी उडाली. तिने फांदी ढकलली आणि छप्पर उचलले. वरून गारांचा मारा थेट आत पडला. पिवळा कुत्रा क्षणभर दबला. त्या क्षणात आक्काने मुसळ टाकून दोन्ही हात आत घातले.

त्याने तिच्या मनगटात दात रोवले. तिने हात मागे घेतला नाही. त्या कुत्र्याकडे पाहून ती एवढेच म्हणाली, “घे. माझा घे. तिला सोड.”

तिचे मनगट पकडण्यासाठी त्याने गुंजीचा पाय सोडलेलाच होता. आक्काने मोकळ्या हाताने गुंजीला मानेकडून उचलले, छातीशी धरले आणि दुसरा हात दातांतून ओढून काढला. तिच्या सोवळ्याच्या पांढऱ्या वस्त्रावर दोघींचे रक्त उतरले. ती घराकडे चालू लागली. उंबरठ्याशी तिचे पाऊल थांबलेसुद्धा नाही.

गारा थांबल्या तेव्हा टोळी निघून गेली होती. अण्णाराव व आरोही परतली, तेव्हा दार सताड उघडे होते. देवघरासमोर आक्का बसली होती, तिच्या मांडीवर गुंजी होती आणि निवडलेली बेलाची पाने तिच्या वस्त्रांतून निथळलेल्या, रक्ताळलेल्या पाण्यात तरंगत होती. डॉक्टरांनी आक्काला टाके घातले, सुया दिल्या. गुंजीचा मागचा एक पाय काढावा लागला. ती जगेल की नाही, हे पुष्कळ दिवस कोणी सांगू शकत नव्हते. आरोही तिला चमच्याने पाणी पाजी. आक्का दुरून पाहत असे; मग जवळून पाहू लागली.

शेजारच्या एका बाईने हळूच विचारले, की व्रताच्या दिवशी, ऐन पूजेच्या वेळी, सोवळे मोडले. त्याचे आता प्रायश्चित्त काय. आक्का सुपात तांदूळ पाखडत होती. तिने हात थांबवला नाही.

“सोवळं धुतलं की परत सोवळंच हाय, बाई. त्या जिवाला कुटल्या पान्यात धुवायचं, ते तुमी सांगा.”

अण्णारावांनी मल्लप्पाला बोलावले. दोघांनी मिळून माझे छप्पर उचलले. तळाच्या फळीवरचा डाग मल्लप्पाने वाकून पाहिला आणि डोक्यावरची टोपी काढली. तो म्हणाला की हात आपलाच होता. अण्णारावांनी मान हलवली.

“हात तुझा होता, मल्लप्पा, आग्रह माझा होता. दार आपण आपल्या समाधानासाठी केले. आत राहणाऱ्या जिवाला आपण विचारलेच नाही.”

मग तिसऱ्यांदा माझ्यावर हत्यार चालले. मधोमध असलेले दार फळ्यांनी बंद झाले. एका कडेला नवे दार कापले गेले. गुंजीच्या खांद्यांहून बोटभर रुंद आणि तिने मान लववली तर आत जाता येईल एवढेच उंच. दारातून शिरताच समोर एक आडवी फळी आली. तिला वळसा घालून मागच्या भागात जावे लागे, म्हणजे वारा, पाऊस आणि परका जबडा, तिन्ही त्या फळीपाशीच थांबावेत. माझे तोंडही वाऱ्यापासून फिरवून भिंतीकडे तिरपे केले. चौकटीला आतून लोखंडी पट्टी आली. काम संपल्यावर मल्लप्पाने सवयीने खडू हातात घेतला, क्षणभर पाहिला आणि परत खिशात ठेवला. त्या दाराची आय कोणीच काढली नाही.

गुंजी जगली. तीन पायांवर अडखळत ती अंगणात आली, तेव्हा तिने मला ओळखले आणि ती थरथरू लागली. ती आत येईना. तिचा दोष नव्हता. माझ्या अंगाला अजून त्या संध्याकाळचा वास होता. आता घराचा उंबरठा तिला मोकळा होता, तरी बंद खोलीत ती घाबरी होई आणि अंगणातच येऊन निजे. माझ्यापासून चार हातांवर, उघड्यावर. पूर्ण पावसाळा असा गेला. मी रिकामे उभे राहिले. माझ्यावर कोणी फुटकी बादली ठेवली, कोणी झाडू टेकवला. एका कोपऱ्याला वाळवी लागू लागली. निरुपयोगाचे दुःख घणाच्या घावापेक्षा अधिक असते, मित्रांनो, कारण त्याला आवाज नसतो.

आश्विनात परतीचा पाऊस आला, विजा कोसळू लागल्या, आणि फाटकाच्या वाकलेल्या गजांमधून तीच टोळी पुन्हा आत घुसली. पिवळा कुत्रा पुढेच होता. त्याने गुंजीला उघड्यावर पाहिले. घराचे दार लांब होते. मी जवळ होते. तीन पायांवर ती धावली, मान लववली आणि माझ्या नव्या दारातून आत शिरून आडव्या फळीमागे गेली.

तो मागोमाग आला. त्याचे डोके आत शिरले. खांदे शिरले नाहीत. त्याने धडका दिल्या. माझे सांधे करकरले. त्याने चौकटीला दात लावले आणि लाकडाच्या चिरफळ्या उडवल्या. त्या खुणा तुम्ही पाहिल्याच आहेत. जबडा फळीवर आपटत होता आणि पलीकडे, त्याच्या श्वासाच्या अंतरावर, गुंजी अंग आक्रसून बसली होती. या वेळी माझ्या भिंती तिच्या होत्या. मी इतके ताठ उभे राहिले, की जणू अरण्यातली मुळे मला पुन्हा फुटली होती. अखेर रक्ताळलेल्या हिरड्या घेऊन तो मागे सरला. आक्का मुसळ घेऊन पोहोचली तेव्हा त्याला मारावयास काही उरलेच नव्हते. तिने तो भिजलेला, थकलेला जीव फाटकाबाहेर लंगडत जाताना पाहिला आणि मुसळ खाली ठेवले. दुसऱ्या दिवशी फाटकाचे गज सरळ झाले. फाटकाबाहेर मात्र शिळ्या भाकरीची एक थाळी रोज पडू लागली. ती कोण ठेवते, हे घरात कोणी विचारले नाही.

त्या दिवसापासून गुंजी माझ्यात राहते. आता ती म्हातारी झाली आहे. मल्लप्पा वर्षातून एकदा येऊन माझ्या सांध्यांत डांबर भरतो आणि छपराला चुना लावतो. आरोही सुट्टीत आली, की छप्पर उचलून माझी तळफळी पुसते. डागापाशी तिचा हात हळू होतो.

मित्रांनो, तुमच्याहून लहान जिवासाठी कधी घर बांधाल, तर त्याला उभे करून माप घ्या आणि मग ते माप बदलू नका. उन्हाची, पाण्याची, वाऱ्याची काळजी घ्याच. पण त्या जिवाला भय कोणाचे आहे, हे आधी पाहा. आणि बांधून झाल्यावर त्या घराकडे पाठ फिरवू नका.

परवा पुन्हा प्रदोष होता. आक्काने स्नान केले, सोवळे नेसले आणि काठी टेकत ती अंगणात माझ्यापाशी आली. व्रण पडलेले मनगट तिने माझ्या लहान दारातून आत घातले. गुंजीने ते चाटले. आक्काने तिच्या कानामागे खाजवले, हात बाहेर काढला आणि तसाच, न धुता, बेलाच्या पानांच्या तबकाला लावून ती पूजेला आत गेली.